दुधी की पारदर्शक

घरामागच्या काचेच्या खोलीचं प्लास्टिकचं छप्पर पिवळं पडून तडकलं होतं, म्हणून ते बदलायला साळुंखे मिस्त्री आले. शिडीवर चढल्यावर त्यांनी आधी जुन्या शीटवर खालून तीनदा टकटक केलं आणि म्हणाले, "वर कुणी असेल तर उतरून घ्या." पाली, पाखरं दचकून अंगावर येऊ नयेत म्हणून ही त्यांची पद्धत.

वर हलकी पावलं वाजली. मागच्या कठड्यापर्यंत गेली आणि थांबली.

"मांजर आहे का तुमचं?"

"होतं," मी म्हणाले. "उन्हाळ्यात गेलं."

आमची मनी रोज दुपारी त्या छपरावर झोपायची. तिची सावली खिडकीजवळच्या फरशीवर पडायची आणि तेवढ्या गारव्यात पाय ठेवून मी वाचत बसायचे.

मिस्त्रींनी खाली येऊन नव्या शीटचे दोन तुकडे, एक दुधी आणि एक पारदर्शक, उन्हात धरले. "दुधी घ्या, ताई. माल चांगला आहे, ऊन अडेल. वरचं काही दिसणारही नाही."

छप्पर निवडताना आपण काय अडवायचं तेवढंच बघतो. त्यातून कोण आपल्यापर्यंत पोचत होतं, हे ते उतरवताना कळतं. मी पारदर्शक मागितलं.

आता दुपारी खोलीभर लख्ख ऊन असतं आणि वर आभाळाशिवाय काही नसतं. पाय ठेववत नाही इतकी जमीन तापते. खिडकीजवळची एकच फरशी गार असते, आणि तिच्यावर सावली नसते.