जळगावचे नाना, धुळ्याचे नाना

माणसावर चटकन संशय घ्यायची खोड मला कॉम्प्युटरनं लावली. आधी मी अशी नव्हते हो.

नव्वदच्या पुढची गोष्ट. जळगावला बियाण्यांच्या एका कंपनीत मी टायपिस्ट. ऑफिसात नेटवर्क आलं, ते मी पुस्तक वाचत, चुकत शिकले. मग कोणाला कोणती डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा कप्पा, उघडू द्यायची, ते काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं. आमच्याकडे वडीलधाऱ्याला नावानं हाक कोण मारतं? म्हणून लॉगिनही मी तसेच केले, आबा, भाऊ, नाना. पासवर्डही सुरुवातीला लॉगिनचाच शब्द ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, आपापला बदलून घ्या.

सगळ्यात जपायची डिरेक्टरी कपाशीच्या नव्या संकरित वाणाची. नर कोणता, मादी कोणती, सगळं तिच्यात. ती उघडायची मुभा तिघांनाच, साहेब, मी आणि शेतावरच्या चाचण्या बघणारे नाना.

एका सोमवारी सर्व्हरवरची नोंद चाळली. शनिवारी दुपारी ‘नाना’ आत आलेले आणि ती डिरेक्टरी उघडलेली. मी शनिवारी पाचोऱ्याला लग्नाला होते, आणि नानासुद्धा दिवसभर पारोळ्याला प्लॉटवर होते. मग आत कोण बसलं? नानांचा मेहुणा दुसऱ्या बियाणे कंपनीत. माझ्या डोक्यात गणित जुळलं.

“नाना, पासवर्ड कोणाला दिला?”

“कोणाला देऊ? मला स्वतःला तो मुश्किलीनं टाकता येतो.”

“मेहुण्याला?”

“अक्का, घरात घुसू नका,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, चोर सापडला म्हणून उठले. साहेबांनाही तेच वाटलं. नानांना काढायचं पत्र त्यांनी मलाच टाइप करायला दिलं.

पत्रात कोणत्या मशीनवरून, तेही घालावं म्हणून पुन्हा नोंद पाहिली. खिडकीजवळचं मशीन. बाहेरगावचा माणूस आला की तिथंच बसतो. शिपायाला विचारलं, शनिवारी तिथं कोण होतं?

“नाना होते ना.”

“नाना पारोळ्याला होते.”

“आपले नाही अक्का, धुळ्याचे.”

धुळ्याच्या आमच्या ऑफिसातला सर्व्हर वेगळा, पण तिथले लॉगिनही मीच केलेले, आणि तिथंही एक नाना. फोन लावला.

“मीच व्हतू ना अक्का,” ते हसत म्हणाले. “प्लॉटनी माहिती भरानी व्हती. लॉगिन, पासवर्ड, दोन्हीकडे नाना टाकं, बठ्ठं उघडनं. त्यामा चोरी काय शे?”

म्हणजे त्यांनी आपलं नाव टाकलं आणि आमच्या नानांचं सगळं उघडलं. दोघांनीही पासवर्ड बदललाच नव्हता, आणि बदलला का ते मीही कधी पाहिलं नव्हतं. साहेबांपुढे जाऊन सांगितलं, चूक माझी. त्यांनी पत्र फाडलं, पण धुळ्याच्या नानांनी वाचलं तरी किती, हा किडा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नानांना मशीनसमोर बसवलं. नवीन पासवर्ड टाका म्हटलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. बटणं वाजेनात. मागं वळले तर नानांनी कीबोर्डवर रुमाल पसरला होता आणि त्याखाली दोन्ही हात घालून ते माझ्याकडेच बघत होते.

“तुम्ही बाहेर व्हा अक्का,” म्हणाले, “मग टाकतो.”