माइक एक वीत लांब

रेडिओवाल्या देशपांड्यांचं रेकॉर्डिंग मशीन आमच्या जळगावच्या घरी तीनच दिवस होतं, पण किस्से इतके साठलेत की सांगायला बसले की कुठून सुरू करू कळत नाही. माझी झोप मात्र ते यायच्या आधीच उडाली होती. रेडिओसाठी खानदेशातल्या बायकांची गाणी टेपवर घ्यायची होती. त्यात माझी अंगाई होती, आणि माझी तीन वर्षांची बेबी दोन मिनिटं गप्प बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या गायिका सोनगीरच्या अक्का, माझ्या चुलत सासूबाई. माइक दिसताच त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"अक्का, आवाज पदरात अडकतोय," देशपांडे म्हणाले.

"भाऊ, तुम्हले गानं पाहिजे ना? मंग तोंड काय करनं शे?"

आता परका पुरुष बाईच्या तोंडाजवळ जाणार कसा? म्हणून माइक लावायचं काम माझ्याकडे आलं.

"तोंडापासून एक वीत, जरा बाजूला," ते दारातून सांगायचे. "अगदी समोर धरला तर 'फ'ची फुंकर बसते."

"वीत तुमची की माझी?" मी विचारलं. मॅट्रिक झालेल्या बाईनं असं विचारावं? पण ते खरंच विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी कळलं, जात्यावर बसल्याशिवाय अक्कांना ओवी आठवतच नाही. दाणे घातले तर घरघर, आणि रिकामं फिरवायचं तर अक्का म्हणाल्या, "घरमा अवदसा आनू का?"

शिवाय त्या पुढं वाकल्या की आवाज जवळ, मागं गेल्या की थेट पाचोरा स्टेशनात! शेवटी मी जात्याखाली गोधडी घातली, मूठभरच ज्वारी टाकली आणि माइक आढ्याच्या कडीला बांधून वरून सोडला. ओवी स्वच्छ आली.

"हे कुठं शिकलात?"

"तीन वर्षं पाळणा बांधतेय," म्हटलं.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी. टेप उरली होती जेमतेम एका गाण्याची. बेबीला अक्कांच्या मांडीवर बसवलं, वीत मोजली, घसा खाकरला. आणि गायले, शब्द न् शब्द सुटा, सूर नीट सांभाळून, रेडिओवरच्या बाया गातात तसं. बेबी हूं की चूं नाही. देशपांडे हात वर करून शेवटची शांतता टेपवर घेत होते.

तेवढ्यात बेबी म्हणाली, "आई, आता खरं म्हण ना."