कॅप्टनने वाजवलेल्या टाळ्या

बस डेपोतल्या त्या मेकॅनिकला सगळे कॅप्टन म्हणायचे, कारण अंतराळातल्या एका वसाहतीची मालिका त्याला तोंडपाठ होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की त्याचं प्रवचन सुरू व्हायचं.

"संकटाचं निमित्त करून तो अध्यक्ष निवडणूकच पुढे ढकलतो आणि भरल्या सभागृहात सगळे टाळ्या पिटतात. एकही माईचा लाल उठत नाही! मी असतो ना, तर दाखवलं असतं."

वेल्डिंग करणाऱ्या ताई हसत ऐकायच्या.

पुढे डेपोच्या युनियनची सभा भरली. युनियनचे अध्यक्ष म्हणाले, "काळ कठीण आहे. यंदा निवडणूक नको, मीच सांभाळून घेतो."

कॅप्टनला सगळं लख्ख कळलं. पण याच अध्यक्षांनी त्याच्या जावयाला डेपोत चिकटवायचा शब्द दिला होता. टाळ्या सुरू झाल्या आणि त्यानेही वाजवल्या.

ताई एकट्याच उठल्या. "हे आपल्या नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "ताई, काल माझी जीभच उचलली नाही हो."

"हात मात्र बरे उचलले," त्या म्हणाल्या आणि तोंडावर काच ओढून कामाला लागल्या.

त्या दुपारी तो बसखालून बाहेरच आला नाही. डबा त्याने तसाच घरी नेला, आणि बायकोने कारण विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.