रिलीव्हर आल्याशिवाय
गणू खैरे आमच्या औषध कारखान्यात ऑपरेटर होते, मी तिथेच अकाउंट्समध्ये. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्या माणसाच्या अंगात एक नियम मुरलेला असतो. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय चालतं मशीन सोडायचं नाही. गणूभाऊंनी हा नियम पोलादपूरच्या घरातही चालू ठेवलाय, हे मला त्यांच्या निवृत्तीनंतर कळलं.

घरात ते एकटे. शर्मिलावहिनी गेल्या वर्षी वारल्या. मुलगी प्रियदर्शिनी जर्मनीत नर्स. जाताना तिने आपला कॉम्प्युटर बापाजवळ ठेवला आणि व्हिडिओ कॉल घ्यायला शिकवलं. बंद करायलाही शिकवलं असणार, पण गणूभाऊंनी तो कधी बंद केलाच नाही. कारखान्यात शटडाउन म्हणजे वर्षातून एकदा, मोठ्या साहेबांच्या सहीने, फिटर-वेल्डरांची फौज आणून करायची गोष्ट. अपडेटची सूचना आली की ते 'नंतर' दाबत. इनचार्जला विचारल्याशिवाय नवं काम सुरू करायचं नाही, हाही नियमच. माझं उलट. संध्याकाळी टेबल आवरून, कॉम्प्युटर रीतसर बंद करून, त्याचा पंखा थांबल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही.

वहिनींचं पहिलं पुण्यस्मरण रविवारी होतं. प्रियाला सुट्टी मिळाली नव्हती. ड्यूटीला जाण्याआधी ती स्क्रीनवरून वडिलांबरोबर बुद्धवंदना म्हणणार होती. सकाळीच गणूभाऊंचा फोन आला.

"जय भीम, साहेब. मशीन आपोआप शटडाउनला गेलंय. लवकर या."

स्कूटर काढून गेलो. वहिनींचा फोटो हार घालून, स्क्रीनकडे तोंड करून ठेवला होता. समोर मेणबत्ती. स्क्रीनवर मात्र अपडेट बत्तीस टक्के, आणि खाली इशारा, कॉम्प्युटर बंद करू नका.

"प्लग काढू का?"

"अजिबात नको. मध्येच काढलात तर पुन्हा उठणार नाही तो. किती दिवस 'नंतर' दाबताय?"

"ती गेल्यापासनं."

ती म्हणजे मुलगी की वहिनी, मी विचारलं नाही.

"चहा झाला का?"

"कसा व्हायचा? रिलीव्हर नाय ना." हसले, पण जागचे हलले नाहीत.

"उठा गणूभाऊ. मी बसतो."

 ते उठले आणि खुर्चीशेजारी उभे राहून त्यांनी मला पाळी बदलताना देतात तसा रीतसर चार्ज दिला. "बत्तीसवर हाय. मगाशी एकदा काळा पडला, परत आला. पंख्याचा आवाज नॉर्मल."

"घेतला चार्ज."

ते आत गेले. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही. नळ मात्र बराच वेळ चालू होता.

टक्के सरकेनात. शेवटी त्यांचा बटणाचा मोबाइल वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, कॉल का लागत नाही?"

"अगो, मशीन शटडाउनला हाय. अकाउंटवाले साहेब बसलेत त्याच्यापाशी."

"मला निघायला हवं बाबा. बस चुकेल. आईचा फोटो बघायचा होता."

"बरा हाय गो फोटो. हार घातलाय. झेंडूचा."

"पांढरी फुलं नाही मिळाली?"

"नाय मिळाली." मग म्हणाले, "जा तू. रातपाळीवाली तुझी वाट बघत आसल. तिला अडकवून ठेवू नको."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळाने कॉम्प्युटर उठला. कोपऱ्यात प्रियाचे न लागलेले कॉल एकाखाली एक दिसले. गणूभाऊंनी फोटो स्क्रीनकडून फिरवून खोलीकडे केला आणि वंदना म्हणायला बसले. मला ती येत नव्हती, मी हात जोडून बसलो.

निघण्याआधी बंद कसा करायचा ते मी दाखवलं. "रोज संध्याकाळी बंद करायचा. अपडेट आली तर त्याच दिवशी होऊ द्यायची. साठली की ती आपली वेळ बघत नाही."

"आन् तिचा कॉल आला तर?"

"ती रविवारी सकाळीच करते ना?"

"ते हाय म्हणा." तरी त्यांचं बोट बटणावर घुटमळत राहिलं. "पण बंद करायचा म्हणजे चार्ज कुणाला द्यायचा?"

"मला द्या."

तेव्हापासून दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. "साहेब, शटडाउन घेतलं. सगळं नॉर्मल." मी म्हणतो, "बरं, गणूभाऊ." आणखी काही बोलणं होत नाही.

मार्चअखेर मीही निवृत्त होतोय. घरी वाट बघणारं कुणी नाही. परवा पोलादपूरला नेटवर्क गेलं होतं. दिवेलागणीचा फोन आला नाही. मी वाढलेलं ताट झाकून बसून राहिलो.