तबकातला ब्लॅक बेल्ट

वणीत कराटेचा नवा क्लास सुरू होतोय, हे मला प्रेसनोटवरून कळलं. उद्घाटन रविवारी होतं आणि प्रेसनोट शुक्रवारीच माझ्या मोबाइलवर आली होती. ‘नागरिकांच्या अलोट गर्दीत कार्यक्रम उत्साहात पार पडला,’ असं तिच्यात लिहिलं होतं. बातमीदारीत अशा मजकुराचं आश्चर्य वाटत नाही. मी एरवी अशा प्रेसनोट वाचत नाही. ही वाचली, कारण मुलीला त्या क्लासला घालायचं की नाही, हे घरात ठरायचं होतं.

मुलगी बारावीत. कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या एका शेडमध्ये ती काही वर्षं कराटे शिकली. तिथले सर खाणीत फिटर. पाळी संपली की शिकवायचे. ती ब्राऊन बेल्टपर्यंत पोचली. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत त्यांनी तिला नापास केलं. ‘‘मागचा पाय कच्चा आहे, दिवाळीनंतर पाहू,’’ एवढंच कारण दिलं. दिवाळीआधी त्यांची बदली झाली आणि शेडला कुलूप लागलं. मग ती गच्चीवर एकटी सराव करू लागली. समोर कोणी नसताना ठोसे मारण्याचा तिलाच कंटाळा आला होता.

नव्या क्लासचे सर उद्घाटनाच्या आधी घरी आले. टी-शर्टच्या पाठीवर त्यांचा स्वतःचाच फोटो छापलेला. चहा येण्याआधीच ते मुद्द्यावर आले.

‘‘भाऊ, पोरीले आमच्याकडंच पाठवा. उद्घाटनातच ब्लॅक बेल्ट देऊन टाकतो.’’

‘‘परीक्षा कोण घेईन?’’ मुलीनं विचारलं.

‘‘परीक्षा कायची? तू तं आपलीच पोरगी.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘बातमीत फक्त फोटो जरा मोठा येऊ द्या.’’

ते गेल्यावर मी नाही म्हणालो. बायकोला ते पटलं नाही. ‘‘तुम्हाले तं सारंच फालतू दिसते. दुसरा क्लास आहे का गावात?’’ नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलीनं पांढरा गणवेश इस्त्रीला टाकला. बेल्ट तिला हवा होता. मी विषय वाढवला नाही.

उद्घाटन मंगल कार्यालयात झालं. नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही. शाल आणि नारळ ठरलेला. सरांनी त्यात सुधारणा केली होती. तबकात नारळाशेजारी शालीऐवजी काळे बेल्ट घडी करून ठेवले होते. जे एक जिना चढताना दोनदा थांबत असतील, त्यांच्या कमरेला ते बांधले जाऊ लागले. पहिला मान एका पक्षाच्या तालुकाध्यक्षांचा. त्यांच्या पोटाला बेल्ट पुरला नाही.

‘‘दोन जोडा ना बे!’’ मागून कोणी तरी ओरडलं.

दोन जोडले. अध्यक्षांनी मूठ उगारून फोटो काढून घेतला. त्यानंतर एक सराफ, मग एक ट्रान्सपोर्टवाले. मग तबक माझ्यासमोर आलं. मी नारळ उचलला आणि बेल्ट तबकातच राहू दिला. सरांनी तो दुसऱ्या कोणाला तरी बांधला.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी माझ्या मुलीला मंचावर बोलावलं आणि मनगट पुढे केलं. ‘‘धर. कोणी धरलं तं कसं सुटाचं, ते लोकायले दाखवतो.’’

तिनं धरलं. सरांनी झटका दिला. हात सुटला नाही. पुन्हा दिला. तेव्हाही नाही. मग ते तोंडावर हसू ठेवून हळूच म्हणाले, ‘‘ढिल्लं धर ना बाई, लोकं पाहून राह्यले.’’ कॉलरला लावलेला माईक चालू होता. सभागृह हसलं. तिनं पकड सैल केली, सर सुटले, टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मघाशी हसलेलेच लोक होते.

मग तिच्यासाठी तबक आलं. अध्यक्ष जोडबेल्ट सावरत स्वतः उठले. ‘‘ये पोरी. आता आपण दोघंही ब्लॅक बेल्ट.’’

तिनं एकदा बेल्टकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पोटावरच्या गाठीकडे. मग ती मागे सरकली. ‘‘सर, मी तं नापास झालती. मंग परीक्षा कोठी झाली?’’

‘‘अव, माईकवर कायले सांगतं!’’ सर म्हणाले. हेही माईकवर गेलं.

ती वाकून नमस्कार करून खाली उतरली. खाणीच्या शेडमध्ये तिच्या मागून शिकायला लागलेली एक मुलगी प्रेक्षकांत होती. तिला बोलावून बेल्ट बांधण्यात आला. तिच्या आईचे डोळे भरून आले. मी बातमी चार ओळींत दिली. फोटो अध्यक्षांचा गेला, कारण पेपरच्या कार्यालयाला तोच हवा होता.

घरी बायकोनं एकच विचारलं, ‘‘आता कोठी जाशीन?’’

आता ती दर रविवारी बसनं चंद्रपूरला कराटे शिकायला जाते. तिथल्या बाईंनी परीक्षा कधी घेणार, हे अजून सांगितलेलं नाही. इकडे चौकात नव्या क्लासचं फ्लेक्स लागलं आहे. त्यावर ती दुसरी मुलगी काळा बेल्ट बांधून उभी आहे, खाली ‘वणीची शान’. बस त्याच चौकातून जाते. माझी मुलगी खिडकीची जागा धरते आणि फ्लेक्स मागे पडेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहते.