सरळ केलेला खांदा

चित्रावरचं कापड मी काढलं. नानांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हाई कोन शे?"

मी पोर्ट्रेट करते. धुळ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. बहुतेक ऑर्डर गेलेल्या माणसांच्या. घरचे फोटो आणून देतात, मी ऑइलमध्ये मोठं चित्र करून देते. नाना साक्रीकडचे शेतकरी. त्यांची बायको, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला हॉलमध्ये लावायला म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने, सुनीलने, ऑर्डर दिली होती.

"नाना, आई आहे ही," सुनील म्हणाला. "हुबेहूब आलीय."

"व्हई बाबा. पन माले ती वाटत नई."

मला राग आला. लाइकनेस म्हणजे चेहरा जुळणं, आणि त्यात माझा हात कोणी धरत नाही. फोटो एका लग्नातला होता. अक्का कॅमेऱ्याकडे बघत होत्या, कुणी दटावून उभं केल्यासारख्या. अशा कामात आम्ही करेक्शन करतो. कपाळावरची आठी काढतो, रंग जरा उजळतो. अक्कांचा डावा खांदा वर होता, तोही सरळ केला होता. गिऱ्हाइकाला हेच हवं असतं. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

सुनीलला फोन आला, तो बाहेर गेला. नाना स्टुलावर बसून राहिले.

"काय चुकलं, नाना?"

"चुकनं काईच नई, ताई. पन ती मनाकडे अशी कधी दखेच नई." अक्कांनी त्यांच्याकडे असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे भिंतीला टेकवून स्टडी ठेवलेल्या असतात. स्टडी म्हणजे मोठ्या कामाआधी सरावाला केलेलं लहान चित्र. नाना पहिल्यांदा आले होते तेव्हा बायकोबद्दल एकच गोष्ट बोलले होते, ती मांडे करायची, खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या. तेवढ्यावरून मी हात मोकळा करायला एक चित्र केलं होतं. चुलीपुढे पाठमोरी बाई, दोन्ही हातांवर ताणलेला मांडा, पुढे चुलीवर पालथं खापर. चेहरा नाहीच. खांदा मात्र फोटोतलाच, डावा वर. सरावाचं काम, तिथे करेक्शन कोण करतं?

नाना उठून जवळ गेले.

"हाई ती शे," ते म्हणाले. "मी जेवाले बसू, तवय ती चुलाकडे तोंड करीसन मांडा करे. बठ्ठा जलम मी तिनी पाठच दखी."

सगळा जन्म पाठच. मी एकटी राहते. ओट्याशी उभ्या उभ्या जेवते. माझी पाठ ओळखेल असं जगात कुणी नाही, हे तेव्हा फार लागलं.

सुनील आत आला. "हे? नाना, पाहुण्यांसमोर आईची पाठ लावायची? लोक काय म्हणतील?"

"तुले जे लावनं ते लाव. माले हाई दे."

"मॅडम, हे अर्धवट आहे ना?"

"अर्धवटच आहे."

"मग निदान पूर्ण तरी करून द्या."

मी ते उचलायला गेले. नाना मध्ये आले. "ताई, हात नका लावू." तो म्हातारा माणूस चित्राच्या आड उभा राहिला, तेव्हा सुनीलने हट्ट सोडला. दोन्ही चित्रं त्यांच्यासोबत गेली.

वर्षश्राद्धाला मला जमलं नाही. नंतर त्या बाजूला काम निघालं तेव्हा नानांकडे डोकावले. सुनील पुण्याला परतला होता. हॉलमध्ये मोठं पोर्ट्रेट, त्याला हार. येणारा जाणारा हुबेहूब म्हणतो, असं नानांनी सांगितलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. चुलीची जागा रिकामी होती. तिथेच भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, छोटं चित्र.

"नाना, इतक्या खाली लावलं? चित्र डोळ्यांच्या लेव्हलला लावतात."

"बठा ना."

मी खाली बसले. त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं, स्वतःचं घेतलं. भाकरी त्यांनीच थापलेली, जाडजूड, भाजी शेजारून आलेली. मी मान वर केली तर चित्र बरोबर डोळ्यांसमोर. एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघंच, आणि ती पाठ. नाना दर घासाला वर बघत होते.

भाकरी संपली. नानांनी ताट हाताने पुढे सरकवलं, चुलीच्या दिशेने, वाढून घेतात तसं. क्षणभर थांबले. मग ताट उचललं आणि मोरीवर धुवायला गेले.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी आधी विचारते, चित्र कोण बघणार आणि कुठे बसून. आणि खांदे सरळ करत नाही.