घरगुती अडचण

"रडायला दार कशाला लागतंय, बाई? आमच्या बाया चुलीपुढं रडत्यात. तिथं कुठं दार असतंय?"

संस्थेचे अध्यक्ष बोलले आणि सगळी मीटिंग हसली. ज्यांच्या वर्गातल्या पोरी माझ्यापुढं रडायच्या, ते प्राध्यापकही हसले. मी उभीच. हातात अर्ज. मागितली होती एक बंद खोली.

जुन्नर तालुक्यातलं कॉलेज. मी तिथं विद्यार्थी सहायक, कंत्राटी. पोरापोरींच्या अडचणी ऐकायच्या, ही माझी नोकरी. आणि टेबल कुठं? जिन्याखाली, फीच्या खिडकीला लागून. रांगेतला माणूस माझ्याच खुर्चीला टेकून उभा.

त्या मीटिंगनंतर महाळुंगे पडवळची एक पोर, शेवटच्या वर्षाची, एकदा येऊन बसली. आमच्याच कॉलेजातला एक पोरगा एसटी स्टँडवर रोज आडवा यायचा. "घरी कळलं तर कॉलेज बंद, मॅडम."

मी म्हणाले, "इथलं इथंच राहील."

रांगेत तिच्याच गावचा माणूस होता.

तिसऱ्या दिवशी बाप दाखला न्यायला आला. "लई झालं शिक्षान." पोर त्याच्यामागं. माझ्याकडं बघून एवढंच बोलली, "मॅडम, तुमी म्हणला व्हता ना?"

पोरगा अजून वर्गात बसतो. पोर गेली.

मी राजीनामा लिहायला घेतला. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "कारण टाका, घरगुती अडचण. समदे त्येच लिहित्यात." फाइल काढून दाखवली. माझ्याआधी दोघी सोडून गेलेल्या. दोघींची घरगुती अडचण! त्यातली एक माझ्या ओळखीची. तिच्या घरी कसलीही अडचण नव्हती. पोरींना खोटा धीर देऊन देऊन तिला स्वतःचीच किळस आली होती. आणि संस्था म्हणते, आजकालची माणसं टिकत नाहीत.

मी खरं कारण लिहिलं. अध्यक्षांचं वाक्य जसंच्या तसं. खोली नसताना मी त्या पोरीला शब्द दिला, ही माझी चूकही लिहिली.

भाऊसाहेबांनी कागद मागं सरकवला. "ह्ये इनवर्ड व्हायचं न्हाई, मॅडम."

"नका करू. रजिस्टर पोस्टानं पाठवते."

एक प्रत नोटीस बोर्डावर लावली. त्यांनी फाडली. मी दुसरी लावली.

आता त्या दोघींकडं जाणार आहे. त्यांचीही खरी कारणं लिहून घेणार. आणि जिन्याखालच्या त्या खुर्चीवर उद्या नवी कुणी बसली, तर तिच्यासमोर उभी राहून सांगणार, "ऊठ."